कोऱ्या पोत्यावरचा ठिपका

आमचे साहेब कुणाशी हात मिळवत नसत. कचेरीत एखादा वरचा अधिकारी यायचा, हात पुढे करायचा, आणि साहेब आपले दोन्ही हात पाठीमागे नेऊन नुसती मान लववायचे. सोलापुरात अशा माणसाबद्दल काय काय बोललं जातं ते मी सांगायला नको. कुणी म्हणे सोवळं पाळतात, कुणी म्हणे शिष्ट आहेत. व्यापारी म्हणत, हा माणूस हातात काही घेतच नाही, तर याला द्यायचं तरी कसं? खरं कारण एवढंच होतं की त्यांना घामाची भीती वाटायची. दुसऱ्याच्या, आणि त्याहून जास्त स्वतःच्या.

आमची कचेरी म्हणजे खाण्याच्या वस्तू तपासायची एक लहानशी प्रयोगशाळा. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका जुन्या बैठ्या घरात. साहेब, मी आणि शिपाई रसूलभाई, एवढाच कारभार. मी नुकतीच बी.एस्सी. होऊन लागले होते. घरी आईला वाटे की पोरगी सरकारी डॉक्टरीण झाली, आणि शेजारणींना वाटे की ही दिवसभर तूपसाखर चाखत बसते. प्रत्यक्षात मी दिवसभर कागदाच्या पट्ट्या बघत बसायची.

त्या पट्ट्यांबद्दल दोन शब्द सांगते, नाहीतर साहेब कळायचे नाहीत. कागदाची लांब पट्टी खाराच्या पाण्यात भिजवायची आणि तिच्या दोन टोकांना वीज जोडायची. पट्टीच्या मधोमध नमुन्याचा थेंब ठेवायचा. वीज सुरू केली की थेंबातले निरनिराळे घटक आपापल्या चालीनं सरकतात, एक या टोकाकडे, एक त्या टोकाकडे, एक जागचा हलत नाही. मग पट्टी वाळवून तिच्यावर औषध फवारायचं आणि ऊब द्यायची. जांभळे ठिपके उठतात. कुठला ठिपका कशाचा, ते त्याच्या जागेवरून ओळखायचं. अडचण अशी की तेच औषध माणसाच्या घामावरही जांभळं होतं. कोऱ्या पट्टीला नुसतं बोट लागलं तरी बोटाचा ठसा उमटून येतो. म्हणून साहेबांच्या खिशाला, जिथं बाकीच्यांचं पेन असतं तिथं, चिमटा असायचा. पट्टी चिमट्यानं, बाटलीचं बूच चिमट्यानं, एसटीचं तिकीटसुद्धा चिमट्यानं. एकदा एका लग्नात मी मुद्दाम त्यांच्याकडे लक्ष ठेवून होते. अक्षता मात्र त्यांनी हातानं टाकल्या. नंतर विचारलं तर म्हणाले, त्या कुठं परत तपासायच्या असतात?

मूळचे ते अक्कलकोटच्या बाजूचे, घरात कानडी, बाहेर मराठी. गळ्यात लिंग, अंगात कायम पांढरा, इस्त्रीचा, पण कोपराला विरलेला शर्ट. बोलणं फार हळू. मोठ्यानं बोलणारा माणूस समोर आला की ते आणखी हळू बोलत, मग समोरच्यालाही आवाज खाली आणावा लागे. जेवण अळणी. डब्यातली भाजी मला एकदा त्यांनी दिली होती, मी ती कशीबशी गिळली. मीठ कमी असलं की जीभ जागी राहते, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या बायकोनं मला हळदीकुंकवाला बोलावलं तेव्हा त्या माउलीनं एवढंच सांगितलं, "आमच्या घरात मीठ दोन डब्यांत असतं. एक माझं आणि एक पाहुण्यांचं."

अंधूक ठिपका दिसावा हा त्यांचा एकच ध्यास होता. गडद ठिपका कुणीही बघेल, त्यात काय मोठंसं, असं त्यांना वाटे. मी सुरुवातीला ठिपका उठेना म्हणून जास्त औषध मारायची, तेव्हा त्यांनी मला खिडकीशी नेलं. बाहेर गिरणीचा भोंगा चालू होता आणि तारेवर एक चिमणी बसली होती. तिची चोच हलत होती, आवाज ऐकू येत नव्हता. ते म्हणाले, "बाई, चिमणीला मोठ्यानं ओरड असं सांगता येत नाही. भोंगा थांबवायचा." तेव्हापासून आमच्याकडे कागद आधी आम्लात, मग पाण्यात धुऊन, झाकून वाळवला जाऊ लागला. ठिपके खरोखरच उठून दिसायला लागले, कारण आजूबाजूचा मळकटपणा गेला होता.

दुसरी एक सवय मात्र माझ्या डोक्यात जायची. साहेब 'नाही' असं कधी लिहीत नसत. वरून आलेल्या छापील नमुन्यात 'भेसळ आहे किंवा नाही' असा रकाना होता. साहेब त्यात लिहीत, 'दिसली नाही.' त्यावर वरून विचारणा व्हायची, साहेब त्याला दोन पानी उत्तर लिहायचे, मी ते टाइप करायची. एकदा टाइप करता करता मी चिडून म्हटलं की एक शब्द गाळला तर आपलं काय अडतं? त्यांनी हातातला चिमटा खिशाला लावला. मग त्यांनी सांगितलं की नोकरीच्या सुरुवातीला, दुसऱ्या गावी असताना, त्यांच्याकडे करडईच्या तेलाची बाटली आली होती. पिवळ्या धोतऱ्याचं तेल मिसळलंय असा संशय होता. त्यांनी तपासलं आणि लिहिलं, 'भेसळ नाही.' त्या घाण्याचं तेल पुढं विकलं गेलं. काही घरांतल्या माणसांचे पाय सुजले, एका घरातली आई गेली. भेसळ होती, पण त्यांच्या पद्धतीला दिसण्याइतकी नव्हती. हे सांगताना त्यांचा आवाज जराही बदलला नाही. ते म्हणाले, "मी खोटं लिहिलं नव्हतं. मला माहीत नसलेलं लिहिलं होतं." मी परत कधी त्या रकान्यावरून वाद घातला नाही.

हे असं सगळं असलं तरी माणूस रुक्ष नव्हता. दिवाळीत एका मिठाईवाल्यानं पेढे पाठवले, तर साहेबांनी त्यातला एक तपासला आणि पेढे परत पाठवताना खव्यात पिठूळ काय दिसलं ते सविस्तर कळवलं. खाली लिहिलं, 'आपणांस व कुटुंबीयांस शुभेच्छा.' त्यांना यात काही विनोदी आहे असं वाटलं नाही. रसूलभाई आणि मी मागच्या खोलीत तोंडावर रुमाल धरून हसलो. बाजारात त्यांना सगळे 'ठिपकेसाहेब' म्हणत, आणि त्यांना ते माहीत होतं. चादरी रंगवणाऱ्या कारखान्यात मात्र त्यांची ओळख निराळी होती. तिथले तेलुगू कारागीर त्यांना बघितलं की न सांगता रंगाच्या पाण्याची बाटली भरून देत. हा रंग कशाला लागायचा, तीही एक गोष्टच आहे.

साहेब बर्नरवर काचेची नळी तापवून ओढत. ओढत ओढत तिचा सुतळीएवढा, मग दोऱ्याएवढा, मग जवळजवळ केसाएवढा धागा व्हायचा, आतून पोकळ. बहुतेक तुटायचे. एखादा टिकला की ते लहान मुलासारखे खूश. त्यांचं गणित असं होतं: कागदावर ठिपका पसरतो, आणि पसरला की फिका होतो. इतक्या बारीक नळीत त्याला पसरायला जागाच नाही. विजेनं पट्टी तापते तशी ही नळी तापतही नाही. त्या नळीत ते चादरीचे दोन रंग मिसळून भरत, वीज लावत, आणि खरंच, लाल वेगळा आणि निळा वेगळा, सुईनं ओढल्यासारख्या दोन रेघा निघत. पण रंग थोडा विरळ केला की रेघ गायब. नळीच केसाएवढी, तर आतल्या रंगाची जाडी ती किती असणार? "रेघ सुंदर येते," ते म्हणत, "पण बघायला काही उरत नाही." मग त्यांनी बघायच्या जागी नळीला फुंकून मोहरीएवढा फुगा काढायला सुरुवात केली, म्हणजे तिथं रंगाची जाडी वाढेल आणि भिंगातून दिसेल. फुगे फुटत. ते पुन्हा ओढत. वरून तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यानं विचारलं, हे कुठल्या नियमात बसतं? साहेब म्हणाले, कुठल्याच नाही, म्हणून मी काचेचा खर्च घरून करतो.

भागाबाई आमच्याकडे आल्या त्या दुष्काळात. पाऊस गेला होता आणि माणसं खडी फोडायच्या सरकारी कामांवर राहायला गेली होती. भागाबाईंचं गाव मंगळवेढ्याकडचं. नवरा एकटाच कामावर झोपडी करून राहिला, त्या दोन पोरी घेऊन गावातच. कामाजवळ एका व्यापाऱ्यानं दुकान थाटलं होतं. ज्वारी मिळत नव्हती, डाळीचं पीठ मात्र स्वस्त होतं. नवऱ्यानं कित्येक महिने दोन्ही वेळा त्याच पिठाचं पिठलं खाल्लं. मग एक दिवस तो दोन काठ्यांवर घरी आला. टाचा जमिनीला टेकत नव्हत्या, आणि एक पाऊल टाकलं की गुडघा दुसऱ्या गुडघ्यावर चढत होता.

लाखेची डाळ. ती पिठात दळली की हरभऱ्यात ओळखू येत नाही. थोडी पोटात गेली तर काही होत नाही. महिनोनमहिने तेच अन्न झालं तर कमरेखालचं शरीर आखडतं, आणि एकदा आखडलं की सुटत नाही. त्यावर औषध नाही. म्हणून तर तिच्या विक्रीला आपल्याकडे बंदी होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी भागाबाईंच्या नवऱ्याला बघून तोच संशय घेतला. तसे आणखीही काही जण होते, पण काम बंद पडल्यावर ते कुठं कुठं पांगले. काहींनी तक्रार केली, चौकशी लागली, दुकानातलं पीठ आमच्याकडे तपासायला आलं. ते स्वच्छ हरभऱ्याचं होतं. येणारच. चौकशीची कुणकुण लागल्यावर कुठला व्यापारी जुनं पीठ ठेवील?

भागाबाईंना व्यापाऱ्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांच्या थोरल्या पोरीची, कुसुमची, सोयरीक जेऊरकडच्या एका घरात ठरली होती. शेती, विहीर, मुलगा शिकलेला. पाव्हण्यांनी बापाचे पाय पाहिले आणि म्हणाले, हा रगतातला रोग. बापाला आहे तो पोरीला होणार, पोरीच्या पोरांना होणार. डॉक्टरांचं सांगणं त्यांनी मनावर घेतलं नाही. मुलाचा चुलता तेवढा एक शब्द बोलला होता की चौकशीत जर पिठाचा दोष निघाला, तर आम्ही मान्य करू, तोवर थांबू. गावात आणखी कुणी विचारणारं नव्हतं, आणि मागं धाकटी होती.

म्हणून त्या आमच्याकडे पोतं घेऊन आल्या. नवऱ्यानं दुकानातलं पिठाचं रिकामं पोतं अंथरायला मागून घेतलं होतं आणि ते तो घरी घेऊन आला होता. पोत्यावर गिरणीचं चिन्ह होतं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की सोलापूरचे ठिपकेसाहेब कशातूनही काय ते काढतात. बाई गोऱ्यापान, उंच, कपाळावर मोठं कुंकू. त्यांनी घडी केलेलं पोतं टेबलावर ठेवलं. ते स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ की त्याला साबणाचा वास येत होता.

"धुऊन आणलंय सायेब," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर मानूस निजत हुता की. तसलं घाण कचेरीत कसं आनायचं?"

मी तोंड उघडलं होतं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि मी ते मिटलं. त्यांनी भागाबाईंना बसायला सांगितलं, रसूलभाईंना पाणी आणायला सांगितलं, आणि नवऱ्याची चौकशी केली. तो बाहेर पायरीवर बसला होता. साहेब स्वतः बाहेर गेले आणि त्याच्या शेजारी पायरीवर टेकले. तो माणूस खालीच बघत होता. एवढंच बोलला, "पाय हायत सायेब. माजं ऐकत न्हाईत."

ते दोघं गेल्यावर साहेबांनी मला सांगितलं की लाखेतलं विष पाण्यात साखरेसारखं विरघळतं. गरीब माणसं डाळ भिजवून ते पाणी फेकून देतात तेव्हा विष त्या पाण्याबरोबर जातं. साबण लावून, दगडावर आपटून, खळखळून धुतलेल्या पोत्यात आता काय राहिलं असणार? पण त्यांनी भिंग घेतलं आणि पोत्याची शिवण बघायला बसले. शिवण दुहेरी होती. दोन घड्यांच्या आत, दोऱ्याखाली, पिठाची खळ होऊन वाळली होती. नखाच्या टोकावर मावेल इतकी.

पुढचे कित्येक आठवडे त्या चिमूटभर खळीभोवती आमची कचेरी फिरत होती. रोजची कामं मी करायची. साहेब आधी दुसऱ्या पोत्यांवर सराव करत. लाख मिळवून दळली, पोत्यात भरली, पोतं झटकलं, धुतलं, आणि शिवणीतून काय निघतं ते बघितलं. कागदावर काहीच दिसेना. अर्क आटवून पाहिला. एकाच जागी थेंबावर थेंब, मधे पंख्यावर वाळवत ठेवून पाहिलं. एखादी छटा दिसल्यासारखी वाटायची, मी म्हणायची आली आली, साहेब पट्टी उन्हात धरून बघत आणि बाजूला ठेवत. शेवटी ते नळीकडे वळले. या विषाला स्वतःचा रंग नाही, त्यामुळे फुग्याचा उपयोग नव्हता. म्हणून नळीत वीज लावून घटक वेगळे करायचे, मग नळी कानसीनं आखून तिचे तुकडे करायचे, आणि प्रत्येक तुकड्यातला इवलासा थेंब क्रमानं कागदावर फुंकून वर औषध मारायचं. सगळं विष एकाच तुकड्यात गोळा झालेलं असलं तर ठिपका गडद येईल, असा हिशेब.

आणि आला. सरावाच्या पोत्यावर तरी आला. त्या दिवशी साहेबांनी डब्यातल्या भाजीवर माझ्याकडून मीठ मागून घेतलं.

तोवर उन्हाळा चढला होता. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. रोजच्या पट्ट्यांची विजेची पेटी थंड ठेवायला बर्फ लागायचा. रसूलभाई सायकलवरून गोणपाटात गुंडाळून लादी आणायचे, आणि पोचेपर्यंत अर्धी व्हायची. "साब, मैं पूरा लेको निकल्या था," ते म्हणत, "रस्ते में धूप पी गई." पंखा लावला तर धूळ, बंद केला तर घाम. साहेब कपाळाला फडकं, मनगटांना फडकी बांधून बसत. मी त्यांच्यामागे उभी राहून त्यांच्या मानेवरचा घाम टिपत असे, लग्न न झालेल्या बाईनं साहेबाच्या मानेला हात लावावा की नाही याचा विचार करायला दोघांनाही वेळ नव्हता. चौकशीची तारीख जवळ येत होती.

भागाबाईंच्या पोत्यातली खळ एकदाच पुरेल एवढी होती. साहेबांनी नियमाप्रमाणे तिच्या जोडीला एक कोरं पोतं घेतलं. बाजारातून आणलेलं, पीठ कधी न भरलेलं, तसंच साबणानं धुतलेलं. त्याची शिवणही तशीच उकलली, तसाच अर्क काढला, तशीच नळी. कोऱ्यात काही दिसता कामा नये. दिसलं तर आपलंच कुठंतरी चुकलं.

औषध फवारलं. कागद उबेवर धरला. भागाबाईंच्या पोत्याच्या रांगेत, बरोबर हव्या त्या जागी, जांभळा ठिपका उठला. स्वच्छ, कुणालाही दिसेल असा. मला हुंदका आला. मग साहेबांनी खालच्या रांगेकडे चिमटा नेला. कोऱ्या पोत्याच्या रांगेत, त्याच जागी, अगदी फिकी जांभळट छटा होती.

ती कशाची, हे आजही कुणाला सांगता यायचं नाही. घामाचा एक थेंब उडाला असेल. बाजारातलं पोतं खरोखर कोरं होतं, हे तरी कुणी बघितलंय? मी साहेबांना म्हटलं की ही छटा मला दिसत नाही. त्यांना ती दिसत होती. इतक्या अंधूक गोष्टी बघायला त्यांनी आपले डोळे आयुष्यभर शिकवले होते, आणि आता ते डोळे काही मिटायला तयार नव्हते. मी हात जोडले. म्हटलं, खालची रांग कापून टाकू या, त्या पोरीचा विचार करा. पुन्हा करू म्हणावं तर खळ संपली होती. ते म्हणाले, "बाई, ही रांग मी कापली तर वरच्या रांगेवर तरी कुणी विश्वास का ठेवावा? मीसुद्धा ठेवणार नाही." त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला की मी न सांगता घरी निघून गेले. आईनं विचारलं काय झालं, तर मी म्हटलं, आमचे साहेब माणूस नाहीत.

त्यांनी दोन्ही रांगा अहवालात लिहिल्या.

चौकशी कलेक्टर कचेरीच्या वरच्या मजल्यावर होती. व्यापारी स्वतः आला नव्हता, त्याचे वकील होते. भागाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या, शेजारी नवरा, आणि दाराशी फेटा बांधलेला एक गृहस्थ. तो जेऊरहून आलेला चुलता. शब्दाला जागून आला होता, हे कबूल करायला पाहिजे. वकिलांनी फार काही विचारलं नाही. कोऱ्या पोत्यावरही तोच ठिपका उठला का, एवढंच. साहेब म्हणाले, फिका उठला. मग तुमच्या पद्धतीनं कोऱ्या पोत्यातही लाख सापडते, असं समजायचं का?

चौकशी अधिकारी भला माणूस होता. त्यानं कागद बाजूला सारून साहेबांना विचारलं, तुमचं स्वतःचं मत काय?

"माझं मत लाखेचंच आहे," साहेब म्हणाले. "त्या माणसाचे पाय बघून माझं ते मत झालंय. ठिपक्यावरून मला तसं छातीठोक सांगता येत नाही."

पुराव्याअभावी आरोप सिद्ध होत नाही, असा निकाल अधिकाऱ्यांनी तिथंच तोंडी सांगितला. भागाबाईंना ते शब्द कळले नसावेत. त्यांनी चुलत्याकडे बघितलं. त्यानं फेटा नीट केला, दोन्ही हात जोडून त्यांना नमस्कार केला, आणि जिना उतरून गेला. तेव्हा त्यांना कळलं.

खोली रिकामी झाली. साहेब व्हरांड्यात उभे होते, मी त्यांच्याशी बोलत नव्हते. भागाबाईंनी नवऱ्याला धरून उभं केलं, भिंतीला टेकवलं, आणि त्या एकट्याच साहेबांसमोर आल्या. मला वाटलं आता त्या शिव्या देतील, आणि द्याव्यात असंच मला वाटत होतं. त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला. इतका वेळ त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते आम्हांला तेव्हा ऐकू आलं.

"सायेब, त्या वकिलानं पोतं पोतं म्हनून लई इचारलं," त्या म्हणाल्या. "म्या ते धुतलं नसतं, तर दिसलं असतं का?"

मला उत्तर माहीत होतं. न धुतलेल्या पोत्यातून मूठभर पीठ निघालं असतं. साध्या कागदावर, शिकाऊ पोरीनं सुद्धा, पहिल्याच दिवशी ठिपका दाखवला असता. कुसुमचं लग्न झालं असतं. मी साहेबांकडे बघितलं. आता हा माणूस खरं सांगणार, आणि ही बाई ते ऐकून जन्मभर स्वतःच्या हातांकडे बघत बसणार, या भीतीनं मी मधे बोलायला पुढे झाले.

"नाही, अव्वा," साहेब म्हणाले. "ते विष पाण्यात विरघळतच नाही. धुण्यानं त्याला काही होत नाही."

"खरं?"

"खरं. उलट तू धुतलंस म्हणून धूळ गेली. तेवढं तरी दिसलं ते त्यामुळं. चूक झाली ती माझ्या हातून झाली."

भागाबाईंनी बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग त्यांचे खांदे जरा खाली आले. "मंग ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तुमी तरी काय करनार?" त्या वळल्या, नवऱ्याच्या काखेत हात घालून त्याला एकेक पायरी उतरवू लागल्या. त्याला फार वेळ लागत होता. साहेब कठड्याशी उभे राहून ती दोघं रस्त्याला लागेपर्यंत बघत राहिले, आणि मी, माझा राग कुठं गेला कुणास ठाऊक, त्यांच्या मागे उभी राहून रडत होते.